स्टेशनवर एकटं पोट्टं दिसलं तर

नागपूर स्टेशनवर चारी दिशांच्या गाड्या थांबतात. फलाटावर एकटं बसलेलं पोर कुठून आलं, घर का सोडलं, या चौकशीत पडू नका. आधी पाणी द्या, जवळ बसा आणि वय विचारा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

वय १८ च्या आत असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. घर नसलेलं, सांभाळणारं कुणी नसलेलं मूल म्हणजे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक', गुन्हेगार नव्हे. हे पोराला आधी सांगा, कारण 'पोलीस' म्हटलं की ते पळतं.

मग १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फिरवा. फोन फुकट आहे. स्टेशनवर असाल तर रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानालाही सांगता येतं. कुणी म्हणालं 'उद्या पाहू', तर २४ तासांची आठवण करून द्या: प्रवासाचा वेळ सोडून तेवढ्यात मूल बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) हजर व्हायलाच हवं. तुम्ही स्वतः नेऊ शकता, मूल आपल्या पायांनीही जाऊ शकतं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे नेलं तरी चालतं. मात्र 'चार दिवस माझ्याकडे राहू दे' म्हणून परस्पर घरी नेऊ नका. मोह होतो, पण ते बेकायदा ठरतं.

समितीपुढे पोराला बोलू द्या. घरी मार बसत असेल तर ते तिथंच सांगायचं, म्हणजे घरी पाठवण्याआधी चौकशी होते. वयाचा वाद निघाला तर शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला आधी पाहतात. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणं गुन्हा आहे.

खरी अडचण १८ पूर्ण झाल्यावर. बालगृहातून बाहेर पडलेल्याला २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठीची, मदत मिळू शकते, पण ती मागावी लागते. बाहेर पडण्याआधीच अधीक्षकांकडे अर्ज द्यावा. बालगृहात कधीच न राहिलेला १९ वर्षांचा पोरगा मात्र थेट रस्त्यावरचा प्रौढ ठरतो, आणि महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे. अशाला महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात न्या. पोलिसांनी पकडलंच तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन लावा. कोठडीत असलेल्याला वकील मोफत मिळतो.