फॉरवर्ड खरा वाटतो तेव्हा: या चुका टाळा

‘शिकलेला माणूस फसत नाही’ ही पहिली चूक, आणि सगळ्यांत महागात पडणारी. माझी मावशी निवृत्त शिक्षिका. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर तिनेच टाकला. अडाणी नव्हती ती, घाबरलेली होती. नातू नुकताच बालवाडीत जायला लागला होता. जीव टांगणीला लागला की माणूस आधी पाठवतो, विचार नंतर करतो.

तो व्हिडिओ मुळात कराचीचा, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल पालकांना सावध करण्यासाठी केलेला. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात, मग परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. आपल्याकडे फिरला तो शेवट कापून. अशाच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं होती ती. त्या जमावातल्या कित्येकांना आपण मुलांना वाचवतोय असंच वाटत असणार. मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती याचीच.

दुसरी चूक: ‘एवढ्या जणांनी पाठवलंय, काहीतरी असेलच.’ तेच विधान पुन्हापुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच प्रयोगातून दाखवलं. पाच ग्रुपवर आलेला मेसेज म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत. उगम एकच असू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा दुहेरी बाण मेसेज बराच फिरलाय एवढंच सांगतो.

पाठवणारा भला माणूस आहे म्हणून मजकूर खरा धरू नका. त्याला तो कुठून आला, हे विचारा. तारीख, गाव, पोलीस ठाणं यांतलं काहीच नसेल तर तिथेच थांबा.

शेवटची चूक माझी स्वतःची. मी मावशीला ग्रुपवर, सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तिने व्हिडिओ काढला नाहीच, उलट माझ्याशी बोलणं टाकलं. मग एका सकाळी तिच्या घरी गेलो, तिच्याशेजारी बसून तो व्हिडिओ शेवटासकट दाखवला. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “अरे, पोराला शाळेतून आणायला रिक्षावाला बदललाय ना, म्हणून जीव घाबरा होतो.” त्यावर आम्ही दोघांनी मिळून बालवाडीत फोन लावला आणि मुलाला कुणाकुणाच्या हाती सोडायचं, ती नावं बाईंना लिहून घ्यायला सांगितली. तो व्हिडिओ खोटा होता, हे तिने संध्याकाळी आपणहून ग्रुपवर लिहिलं.