गवळाऊ गोऱ्हा पहिल्यांदा प्रदर्शनात उतरवताना

पशुप्रदर्शनात पहिल्यांदाच गवळाऊ जातीचा गोऱ्हा उतरवायचा असेल, तर खरारा, आंघोळ, नवी मोरकी आणि मजबूत कासरा यांबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या पट्ट्यात पोळ्याच्या निमित्ताने ते लहान पोरांनाही येते. सांगायचे आहे ते दुसरेच: गोऱ्ह्याच्या तोंडाला परक्या माणसाचा हात लागू देण्याची सवय किमान महिनाभर आधी लावावी. वयाचा गट दातांवरून ठरतो. आदत (अजून दुधाचेच दात असलेला), दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला (सगळे पक्के दात आलेला), हे परीक्षक तुमच्या तोंडी सांगण्यावर सोडत नाही, तो खालचा ओठ उघडून स्वतः बघतो. आमचा गोऱ्हा घरी माझ्या हाताने निमूट दात दाखवत असे, आणि रिंगणात परीक्षकाने हात पुढे करताच त्याने मान अशी झटकली की कासरा माझ्या हातातून निसटला; त्यापुढे त्याची चाल आणि बांधा कोणी पाहिलाच नाही.

म्हणून घरच्या माणसाचा हात या सरावात धरूच नये. शेजारी, पाहुणा, दूधवाला, जमल्यास पॅन्ट-बूट घातलेला आणि औषधाचा वास येणारा दवाखान्यातला माणूस, असे निरनिराळे हात आळीपाळीने लागले पाहिजेत. त्या माणसाने समोरून न येता बाजूने यावे, आधी मान खाजवावी, मग एका हाताने नाकाजवळ धरून दुसऱ्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत घालावा. तिथे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे बोट चावले जाण्याची भीती नसते. ओठ खाली झाला, दात दिसले, की लगेच सोडावे आणि गुळाचा खडा द्यावा. जीभ ओढू नये आणि वेसणीला हिसका देऊ नये. एकदा तोंड दुखले की पुढचे कित्येक दिवस तो कोणालाच जवळ येऊ देणार नाही.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी शेवटच्या दिवसावर ढकलू नये. कानात बारा अंकी बिल्ला हवा. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची वाहतूक करता येत नाही. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीच्या लसी निदान तीन आठवडे आधी झालेल्या असाव्यात, कारण लसीचा गुण यायला तेवढा काळ लागतो आणि टोचल्यावर एखादा दिवस जनावर चारा सोडते. आरोग्याचा दाखला मात्र निघायच्या तोंडावर ताजाच घ्यावा. खूरही तीन आठवडे आधीच तासून घ्यावेत, कारण आदल्या दिवशी तासलेला गोऱ्हा कडक जमिनीवर लंगडतो.

अंगावर मांस चढवण्याच्या नादात ढेप आणि दाणा एकदम वाढवणारे बरेच भेटतात. पोट फुगून जनावर आडवे पडण्यापलीकडे त्यातून काही हाती लागत नाही. गवळाऊ मुळात हलक्या अंगाची, चपळ जात आहे. लांबट निमुळता चेहरा, बदामी डोळे, आखूड बोथट शिंगे आणि झपझप चाल यांवर तिची पारख होते, तेव्हा शिंगांना रंग देऊ नये आणि गळ्याची पोळी (गळ्याखाली लोंबणारी कातडी) झाकणाऱ्या घुंगरमाळा रिंगणाआधी उतरवाव्यात. चालवताना स्वतः त्याच्या डाव्या बाजूला राहावे, परीक्षक आणि गोऱ्हा यांच्यामध्ये येऊ नये, आणि त्याला मागे ओढून धरू नये. भोंग्याच्या आवाजाची सवय हवी; गावातल्या लग्नसराईत ती आपोआप होते. परक्या हाताची तशी होत नाही, हे पुन्हा सांगतो.

आंघोळ आदल्या दुपारी उन्हातच घालावी, कारण हिवाळ्यात पहाटे गार पाणी ओतले की गोऱ्हा आखडतो. पांढऱ्या अंगाला रात्री शेणाचा पिवळा डाग पडला तर तो सकाळपर्यंत सुटत नाही, म्हणून खाली कुटार (भुसा) जाड अंथरावे आणि वर झूल टाकावी. गाडीत पाय घसरू नयेत म्हणून रेती टाकावी. पाणी घरचे, बादलीही घरची घ्यावी. परक्या पाण्याला तोंड न लावणारी जनावरे पुष्कळ असतात. चारा नेहमीचाच द्यावा.

मैदानावर लवकर पोहोचावे, सावली धरावी, आणि नाव पुकारण्याआधी आजूबाजूच्या एखाद्या अनोळखी माणसाला विनंती करून एकदा ओठ उघडून घ्यावा. परत आल्यावर गोऱ्हा पंधरा दिवस कोठ्यातल्या (गोठ्यातल्या) इतर जनावरांपासून वेगळा बांधावा. लाळ गळली, ताप आला किंवा अंगावर गाठी दिसल्या तर पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या क्रमांकावर फोन करावा.