पिवळा टी-शर्ट जाकिटावरून घालायचा: फायरवाल्यांनी आणि पोलिसांनी उमेदवाराचा प्रचार कसा करावा

गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाला माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात पोलीस. मोदकावर तूप घेता घेता म्हणाली, "काका, पुढच्या अध्यक्षीय निवडणुकीत आमच्या ठाण्यातल्या काहीजणांना एका उमेदवारासाठी काम करायचंय. तुम्ही केलंय ना हे? सांगा की कसं करायचं." पंगतीत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथं लिहितो.

मी मूळचा मिरजेचा. चौदाव्या वर्षी अमेरिकेत आलो आणि न्यू हॅम्पशरमधल्या एका शहराच्या अग्निशमन दलात चोवीस वर्षं काढून निवृत्त झालो. २००३-०४ च्या हिवाळ्यात, डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरायचा होता तेव्हा, जॉन केरींसाठी दारोदार फिरलो. आमच्या राष्ट्रीय युनियननं, म्हणजे आयएएफएफनं, सप्टेंबर २००३ मध्ये त्यांना पाठिंबा दिला तेव्हा हवा त्यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी हॉवर्ड डीन यांची होती. पुढे दोन मोठ्या युनियन डीनच्या मागे गेल्या, कारखान्यांतल्या बऱ्याच युनियन तर आधीच तिसरे इच्छुक डिक गेपहार्ट यांच्या मागे. केरींचं काही खरं नाही असंच सगळे म्हणायचे. मग १९ जानेवारीला आयोवातल्या पहिल्या फेरीत केरी पहिले आले, डीन तिसरे, गेपहार्ट चौथे. आठ दिवसांनी आमच्याकडे न्यू हॅम्पशरात केरींना ३८ टक्के मतं पडली, डीनना २६.

हे सगळं आम्हीच केलं असं छातीठोक सांगणारे फायरवाले भेटतील. त्यांना पुढच्या खेपेची आठवण करून द्या. त्याच युनियननं ऑगस्ट २००७ मध्ये क्रिस डॉड यांना पाठिंबा दिला. त्याच पद्धतीनं माणसं आयोवात उतरली, आणि ३ जानेवारी २००८ च्या रात्री डॉड एक टक्क्याचीही मजल न मारता शर्यतीतून बाहेर पडले. उमेदवारात मुळात काही असेल तर आपण त्याला हात देऊ शकतो. नसेल तर प्रचाराच्या जेवणाला चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याचं, पातेलं कितीही मोठं चढवा.

तर पहिलं काम: माणूस ठरवायच्या आधी मागणी ठरवा. आमची मागणी पाठ होती. बंबावर चार माणसं हवीत आणि ती भरायला वॉशिंग्टननं पैसे द्यावेत. त्याचा केंद्रीय कायदा नोव्हेंबर २००३ मध्ये झालासुद्धा, म्हणजे दारात बोलायला आमच्याकडे ठोस काही होतं. पोलिसांची एफओपी ही संघटना उमेदवारांना लेखी प्रश्नावली पाठवते. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ती भरून दिली नाही, ट्रम्पनी दिली, आणि पाठिंबा ट्रम्पना गेला. तुमच्या ठाण्यापुरती अशी प्रश्नावली एका कागदावर मावते. पाच प्रश्न पुरे. उमेदवाराच्या राज्यातल्या कचेरीत नेऊन द्या आणि लेखी उत्तर मागा. उत्तर किती दिवसांत येतं, त्यावरूनच तुमची तिथं किती किंमत आहे ते कळतं.

दुसरं काम जास्त नाजूक. आपल्याच माणसांना विचारायचं. २००४ मध्ये आमची राष्ट्रीय युनियन केरींच्या मागे आणि पोलिसांची एफओपी बुश यांच्या मागे होती. एकाच अपघाताला दोघं धावत जायचो, परत येताना टोमणे. आणि युनियनच्या आत तरी एकमत कुठं असतं? माझ्याच शिफ्टवरचे तिघं बुशवाले होते, त्यातल्या एकानं मला जळत्या तळघरातून ओढून बाहेर काढलेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयएएफएफच्या कार्यकारिणीनं मतदान घेऊन कुणालाच पाठिंबा न देण्याचं ठरवलं, अवघ्या १.२ टक्क्यांच्या फरकानं. म्हणून गुप्त मतदान घ्या. निकाल काठावरचा लागला तर युनियनचं नाव वापरू नका. ज्यांना काम करायचंय त्यांनी आपापल्या नावानं करावं. नाहीतर निवडणूक संपते आणि स्टेशनच्या स्वयंपाकघरातला अबोला वर्षभर टिकतो.

आता नियम. एफबीआय किंवा सीक्रेट सर्व्हिससारख्या केंद्रीय खात्यातल्यांना १९३९ चा हॅच कायदा लागतो, आणि त्यांना प्रचारात भाग घेता येत नाही. गावच्या, काउंटीच्या पोलिसांना आणि फायरवाल्यांना बहुतेक ठिकाणी ड्युटीबाहेर मोकळीक असते, पण राज्याचे आणि दलाचे स्वतःचे नियम असतात. ते युनियनच्या वकिलाकडून लेखी घ्या. साधारण सूत्र असं की ड्युटीवर नाही, गणवेशात नाही, बिल्ला नाही, सरकारी गाडी, फोन, ईमेल, झेरॉक्स काहीही नाही.

हे मला ठाऊक होतं तरी चुकलोच. नोव्हेंबरात एका सकाळी शिफ्ट संपल्यावर आम्ही सहाजणांनी प्रचाराचे नवे टी-शर्ट घातले आणि स्टेशनच्या दारात फोटो काढला. ड्युटी संपलेली, गणवेश उतरवलेला, सगळं नियमात. फक्त मागे बंब उभा होता, शहराचं नाव सोनेरी अक्षरांत मिरवत. चौथ्या दिवशी सहाही जणांच्या हातात लेखी ताकीद पडली. फोटो काढताना आधी पाठीमागे काय आहे ते बघा.

उलट बाजूही सांगतो. न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा पोलीस जेफ्री हेफर्नन महापौरपदाच्या उमेदवाराची पाटी हातात घेतलेला दिसला म्हणून त्याची पदावनती झाली. पाटी त्यानं अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी घेतली होती, स्वतः तो प्रचारात नव्हताच. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. तुमचा हक्क आहेच. तो कोर्टातून मिळवायला त्याला दहा वर्षं लागली, एवढं लक्षात असू द्या.

पैशाबद्दल थोडक्यात. तुमचा वेळ देणगीत धरला जात नाही. युनियनच्या वर्गणीतला पैसा उमेदवाराला देता येत नाही. त्यासाठी युनियनची वेगळी समिती असते आणि तिच्यात सभासद राजीखुशीनं पैसे घालतात. तुमच्या गटानं प्रचारासाठी म्हणून वर्षात १,००० डॉलरच्या वर गोळा किंवा खर्च केले तर केंद्रीय निवडणूक आयोगाकडे नोंदणीचं लचांड मागे लागतं, तेव्हा खर्च थेट उमेदवाराच्या कचेरीला करू द्या. छापील पत्रकावर पैसे कुणाचे ते छापावं लागतं. कपड्यांना मात्र त्यातून सूट आहे. नियमात कपड्यांच्या शेजारी पाण्याच्या टाक्या आणि विमानानं आकाशात लिहिलेली अक्षरंसुद्धा आहेत! आपल्या मंडळातले बरेच जण विचारतात म्हणून हेही सांगतो: ग्रीन कार्डवाल्याला देणगी देता येते. एच-१बी वाल्याला एक डॉलरही देता येत नाही, पण बिनपगारी पाकिटं चिकटवायला तो खुशाल बसू शकतो.

आता खरा मुद्दा, आपल्याकडे असं काय आहे जे इतर कार्यकर्त्यांकडे नाही? दिवसाची सुट्टी. आम्ही चोवीस तास ड्युटी करतो आणि मग घरी असतो. मंगळवारी सकाळी दहाला, जेव्हा बाकीचे कार्यकर्ते ऑफिसात असतात, तेव्हा आपण म्हाताऱ्या मतदारांच्या दारात उभे राहू शकतो. शिफ्टचा तक्ता समोर घ्या आणि मतदानाच्या आधीच्या तीन आठवड्यांवर नावं मांडा. कमी पडेल तिथं स्वॅप, म्हणजे ड्युटीची अदलाबदल, मागा, शक्यतो ज्यांना राजकारणात रस नाही अशांकडून. मी सात स्वॅप घेतले. ते फेडता फेडता जून उजाडला, आणि बायकोनं तो हिशेब फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

टी-शर्ट सगळ्यांसाठी डबल एक्सएलच मागवा. जानेवारीत इथं रक्त गोठवणारी थंडी असते. शर्ट जाकिटाच्या आत गेला की संपलं. तो वरून चढला पाहिजे. आमचे पिवळेधमक होते, त्यावर काळी अक्षरं. बर्फात तीनशे फुटांवरून दिसायचे.

दारात गेल्यावर घंटी वाजवा आणि दोन पावलं मागे सरका. पहिलं वाक्य स्वतःबद्दल: "मी याच शहरात फायरमन आहे, पलीकडच्या रस्त्यावर राहतो." उमेदवाराचं नाव नंतर. पत्रक दाराच्या कडीत अडकवा, टपालपेटीत कधीही टाकू नका. बिनतिकिटाचा कागद तिथं टाकणं केंद्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे आणि पोस्टमन डोळ्यांत तेल घालून बघत असतात. घाई करू नका. एका आजींनी माझं काही ऐकायच्या आधीच आत बोलावलं आणि छताकडे बोट दाखवलं. धुराचा अलार्म महिनाभर टुकटुक करत होता. स्टुलावर चढून बॅटरी बदलली, जिन्यातला दुसराही तपासला. चहा झाला. मी निघालो तेव्हा दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "बरं, कुणाला मत द्यायचं म्हणत होतास?" त्या दिवसापासून खिशात नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या.

न्यू हॅम्पशरात हेही सांगावं लागतं की ज्यांची कुठल्याच पक्षात नोंद नाही ते कोणत्याही एका पक्षाच्या प्राथमिक फेरीत मत देऊ शकतात, आणि नोंदणी मतदान केंद्रावर त्याच दिवशी होते. निम्म्या लोकांना हे माहीत नसतं.

पोलिसांनी हे सगळं जसंच्या तसं करू नये. फायरवाला दारात आला तर लोक हसतात, पोलीस आला तर आधी पोटात गोळा येतो की मुलाचं काही झालं का. त्या मुलीला मी हेच सांगितलं: अनोळखी दारं फायरवाल्यांना सोड. तू फोन कर, ओळखीच्या घरी जा, सभेत मागे उभी राहा, चौकात पाटी धर. जाशील तिथं पहिलं वाक्य "मी ड्युटीवर नाही." कमरेचं पिस्तूल कुणाला दिसता कामा नये. ठाण्यातल्या वरिष्ठानं हाताखालच्यांना "येणार ना रे?" एवढंही विचारू नये. विचारलं की ते आमंत्रण राहत नाही.

आणि चिली. केरींच्या प्रचारात फायरवाल्यांची चिली ठरलेली असायची. स्टेशनात नाही, युनियनच्या हॉलमध्ये. ऐंशी माणसांना दोन मोठी पातेली लागतात, एक खिम्याचं आणि एक नुसत्या राजम्याचं. कांदा परतताना मी राजम्याच्या पातेल्यात सांगलीहून आलेला कांदा-लसूण मसाला चार चमचे घातला. ते पातेलं आधी संपलं. खाणाऱ्याच्या हातात वाडगा देताना दुसऱ्या हातात नाव-पत्त्याचं कार्ड द्यायचं. कार्ड भरून झाल्याशिवाय मक्याचा पाव नाही. त्या कार्डांवरूनच मतदानाच्या दिवशी गाड्या पाठवता येतात.

प्रचाराच्या पाट्यांच्या तारा जमीन गोठायच्या आधी रोवा, नाहीतर मग बर्फाच्या ढिगातच खोचाव्या लागतात आणि बर्फ हटवणारी नांगरगाडी आली की त्या गेल्या. मतदानानंतर दुसऱ्या शुक्रवारपर्यंत त्या काढायच्या असतात, आणि तोवर जमीन दगड झालेली असते. गाडीत गरम पाण्याच्या दोन किटल्या ठेवा. तारेच्या बुडाशी पाणी ओता, तीसपर्यंत मोजा, मग ओढा.