तळ्यातला ऑक्सिजन मोजताय? मग या चुका टाळा

पक्षी मोजणारे असोत की कॉलेजचा प्रोजेक्ट करणारे, सगळ्यांची एकच चूक बघून वैताग आलाय. निवांत नाश्ता करून अकराला तळ्यावर जायचं, मीटर बुडवायचा, रीडिंग लिहिलं की मोकळे. अहो, शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच तो ओढून घेतं, म्हणजे पाण्याची खरी हालत कळते ती पहाटे, उजाडायच्या आधी.

मीपण तोंडावर आपटूनच शिकलो. उजनीच्या बॅकवॉटरजवळचा एक छोटा तलाव, मे महिना, दुपारी तीनला मीटरवर लिटरला 12 मिलिग्रॅम, पाणी हिरवंगार, मी तिथल्या मासेमारीवाल्या काकांना सांगून टाकलं की टेन्शन घेऊ नका. रात्री आभाळ आलं, वारा पडला आणि पहाटे काकांचा फोन, "मासं वर आल्यात, तोंडं उघडी टाकून." गेलो तर रीडिंग 1.4. रोहू-कटला वरच्या वर आ वासतायत, आणि काठाला बगळे नि वंचक नुसते तुटून पडलेत. त्यातही एकाने फोटो टाकलाच, "किती समृद्ध तलाव!" ती समृद्धी नव्हती हो, मेजवानी होती, दोन दिवसांत संपली. तेव्हापासून मी पाचच्या आत काठावर असतो, झोप प्यारी असेल तर हा नाद करू नका.

पक्षी भरपूर म्हणजे पाणी चांगलं, ही दुसरी समजूत. चिलापी मासा कमी ऑक्सिजनवरही तगतो, गाळातल्या लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं त्यामुळे त्याही तगतात, म्हणून शेकाटे (लांब पायांचे पाणपक्षी) मजेत चरताना दिसतात आणि पक्ष्यांचा आकडा छान येतो, बाकीचे मासे गेले तरी. नुसता आकडा नको, कोणता पक्षी काय खातोय ते लिहा. 2019 ला राजस्थानातल्या सांभर सरोवरात हजारो पक्षी बोटुलिझमने, म्हणजे एका जंतूच्या विषाने मेले, तो जंतू ऑक्सिजन नसेल तिथेच वाढतो.

बाकीचं पटापट. तापमान लिहाच, 20 अंशाला लिटरभर पाण्यात ऑक्सिजन साधारण 9.1 मिलिग्रॅम मावतो, 30 ला 7.5 च. माशांसाठी किमान 4 धरतात. फक्त वरचं पाणी मोजू नका, तळाचंही घ्या. जलपर्णीखाली वेगळं रीडिंग घ्या. आणि मीटरऐवजी लॅबमध्ये मोजायला बाटलीत पाणी घेत असाल, तर तिथेच केमिकल टाकून फिक्स करा, म्हणजे ऑक्सिजन वाटेत बदलत नाही, डिकीत टाकून उन्हातून लॅबला नेलेली बाटली मी सरळ ओतून देतो.