क्लास ए अ‍ॅम्प्लिफायरचा क्लोन: बोर्ड मागवण्याआधी काय तयार हवं

गाजलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा क्लोन, म्हणजे नक्कल, करायचं मनात आलं की हात आधी बोर्डाकडे जातो. माझाही गेला होता. दोन हिरवे बोर्ड आले, दोन संध्याकाळींत सोल्डर झाले आणि मग कित्येक महिने खोक्यात पडून राहिले. त्यांची उष्णता झेलेल असं हीटसिंक नव्हतं, त्यांना पुरेल असा ट्रान्सफॉर्मर नव्हता आणि हे सगळं मावेल असा चेसिसही नव्हता. क्लास एमध्ये, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरांतून सतत प्रवाह वाहतो त्या पद्धतीत, बोर्ड हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपा भाग असतो. खर्च, वजन आणि मेहनत उष्णतेत आणि वीजपुरवठ्यात जाते. म्हणून ही यादी उलटी लावली आहे. बोर्ड शेवटाकडे येतो.

सुरुवात स्पीकरपासून करा. त्याच्या मागच्या पट्टीवरचे ओहम आणि माहितीपत्रकातली संवेदनशीलता वहीत लिहून घ्या. ८७ डेसिबलच्या स्पीकरला १० वॉट दिले की एक मीटरवर ९७ डेसिबल मिळतात. बैठकीच्या खोलीत ऐकायला हे बहुतेकांना पुरतं. मोठ्या हॉलमध्ये, चढ्या आवाजात ऐकणाऱ्याला नाही पुरणार. ओहमचा आकडा त्याहून महत्त्वाचा. जॉन लिन्स्ली हूड यांचा चार ट्रान्झिस्टरांचा १० वॉटचा क्लास ए 'वायरलेस वर्ल्ड'च्या एप्रिल १९६९च्या अंकात आला, तेव्हा त्यांनी प्रत्येक स्पीकरसाठी वेगळे आकडे दिले होते: ८ ओहमला २७ व्होल्ट आणि १.२ अँपियर, १५ ओहमला ३६ व्होल्ट आणि ०.९ अँपियर, ३ ओहमला १७ व्होल्ट आणि २ अँपियर. आजचे जेएलएच (हूड यांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव) क्लोन विकणारे हा तक्ता क्वचितच सोबत देतात. पुश-पुल मंडळात (सर्किटमध्ये), म्हणजे एक ट्रान्झिस्टर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो तिथे, तर हिशोब आणखी कडक आहे. बायस, म्हणजे गप्प असताना वाहणारा प्रवाह, १.३ अँपियर असेल तर क्लास ए २.६ अँपियरच्या शिखरापर्यंतच टिकतो. म्हणजे ८ ओहमवर सुमारे २७ वॉट आणि ४ ओहमवर त्याच्या निम्मे. त्यापुढे अ‍ॅम्प्लिफायर चालतो, पण तो क्लास एबी असतो, म्हणजे ट्रान्झिस्टर आळीपाळीनं बंद होतात. ४ ओहमच्या स्पीकरवाल्यांनी हे आधीच समजून घ्यावं.

आता मंडळ निवडा. पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत जेएलएचच्या बाजूनं आहे. भाग मोजके आहेत, मूळ रचनेत एकेरी पुरवठा आहे आणि स्पीकरच्या वाटेवर मोठा कपॅसिटर असल्यामुळे काही बिघडलं तरी स्पीकरला डीसी (एकाच दिशेचा, स्पीकर जाळणारा प्रवाह) सहसा पोचत नाही. दुसरी चांगली वाट अ‍ॅम्प्लिफायर रचनाकार नेल्सन पास यांच्या फर्स्ट वॉट एफ५ची. २५ वॉटचं हे मंडळ त्यांनी घरी बनवणाऱ्यांसाठी स्वतः खुलं केलं, म्हणून ते बनवताना मनाला कसलीही टोचणी नसते. पण त्याचा गेन (सिग्नल किती वाढतो तो आकडा) जेमतेम १५ डेसिबल आहे. पूर्ण २५ वॉटसाठी इनपुटला अडीच व्होल्ट लागतात, तेव्हा प्रीअ‍ॅम्पची, म्हणजे आधी सिग्नल वाढवणाऱ्या पेटीची, सोय यादीत लिहा. क्रेल कंपनीच्या केएसए-५० या अ‍ॅम्प्लिफायरचे क्लोन फार लोकप्रिय आहेत आणि मोहही तेवढाच पडतो. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेसाठी ठेवा. कारण पुढच्या हिशोबात दिसेल.

हिशोब उष्णतेचा. क्लास ए गप्प बसलेला असतानाच सगळ्यात जास्त तापतो, म्हणून गुणाकार सोपा आहे: पुरवठ्याचे एकूण व्होल्ट गुणिले बायसचे अँपियर. जेएलएचचे २७ गुणिले १.२, म्हणजे एका चॅनेलला सुमारे ३२ वॉट. एफ५चे ±२४ म्हणजे ४८ व्होल्ट गुणिले १.३, सुमारे ६२ वॉट. ८ ओहमवर पूर्ण ५० वॉट क्लास एमध्ये द्यायचे तर पुश-पुलला १.७७ अँपियर बायस लागतो. ±४० व्होल्ट धरले तर एका चॅनेलची उष्णता १४० वॉटच्या वर जाते. दोन चॅनेल धरले की खोलीत छोटा हीटर लावल्यासारखं होतं. मूळ केएसए-५०मध्ये पंखा उगाच बसवलेला नव्हता.

या वॉटांवरून हीटसिंक ठरवायचं. हीटसिंक भोवतालच्या हवेपेक्षा २५ अंशांहून जास्त तापू नये असं मी धरतो. खोली ३० अंशांवर असेल तर हीटसिंक ५५वर, म्हणजे तळहात काही सेकंद टेकवता येतो. ६२ वॉटसाठी २५ भागिले ६२, म्हणजे एका चॅनेलला दर वॉटला ०.४ अंश किंवा त्याहून कमी रोध असलेलं हीटसिंक हवं. असं हीटसिंक किती मोठं आणि जड असतं, ते हातात घेतल्यावरच कळतं. विक्रेत्याकडे हा आकडा मागा. तो देता येत नसेल तर आपल्या अंदाजापेक्षा दीडपट मोठं घ्या. उन्हाळ्यात खोली ३८ अंशांवर जाते तिथे हाच हिशोब त्या ३८वरून करायचा. हीटसिंकच्या पात्या (फिन) उभ्या राहतील आणि खालून-वरून हवा खेळेल अशी जागा कपाटात आहे का, तेही टेप लावून मोजा. बंद कप्प्यात क्लास ए ठेवायचाच नाही.

हीटसिंकवरचं काम निवांत दिवशी करा. भोकं पाडा, आटे पाडा आणि मग प्रत्येक भोकाची कड मोठ्या ड्रिलनं हलकेच मारून बोट फिरवून बघा. माझ्या पहिल्या जोडणीत एका भोकाच्या कडेला केसाएवढी धातूची कूस राहिली होती. स्क्रू आवळला तसं तिनं ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यात वीज अडवणारी अभ्रकाची चकती भेदली, ट्रान्झिस्टरचा कलेक्टर थेट चेसिसला टेकला आणि वीज देताच एका रेझिस्टरचा धूर झाला. तेव्हापासून बसवलेल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरची पाठ आणि हीटसिंक यांच्यात जोड नाही ना, हे मल्टिमीटरनं तपासल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. जुन्या धातूच्या टोपीवाल्या ट्रान्झिस्टरांचं सगळं अंगच कलेक्टर असतं, तिथे ही तपासणी दोनदा करा. थर्मल पेस्ट पातळ लावा. जाड थर उष्णता अडवतो.

ट्रान्सफॉर्मर निवडताना उष्णतेच्या एकूण वॉटांची दुप्पट धरा. एफ५च्या दोन चॅनेलना सव्वाशे वॉट, म्हणजे २५० ते ३०० व्हीए. सेकंडरी १८-०-१८ घेतली की ब्रिजनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांनंतर) भाराखाली सुमारे २४ व्होल्ट मिळतात. इथे काटकसर केली तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो, कारण क्लास एमध्ये त्याला कधी विसावा नसतो. कपॅसिटरचाही असाच साधा हिशोब आहे: दोन्ही चॅनेल मिळून २.६ अँपियर, ५० हर्ट्झची वीज आणि प्रत्येक रेलवर (पुरवठ्याच्या धन किंवा ऋण बाजूवर) ४०,००० मायक्रोफॅरड, तर रिपल, म्हणजे डीसीवर उरणारी लहर, सुमारे ०.६५ व्होल्ट. या क्षमतेचे दोन भाग करून मध्ये छोटा पॉवर रेझिस्टर टाकला की रिपल बराच उतरतो. स्पीकरमधली गुणगुण घालवायला मला तरी यापेक्षा स्वस्त उपाय सापडलेला नाही. कपॅसिटर १०५ अंशांचेच घ्या आणि हीटसिंकपासून लांब बसवा. तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं.

मेन्सच्या बाजूला चर्चेला जागा नाही: धातूच्या चेसिसला पक्कं अर्थिंग, आत येणाऱ्या लाइनवर फ्यूज, मोठ्या टोरॉइडसाठी (गोल ट्रान्सफॉर्मरसाठी) सुरुवातीचा झटका रोखणारा सॉफ्ट स्टार्ट आणि कपॅसिटरांवर बंद केल्यावर साठा उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर. गुणगुण जावी म्हणून अर्थिंग तोडणारे लोक भेटतात. त्यांचं ऐकू नका. त्यासाठी सिग्नल ग्राउंड आणि चेसिस यांच्यात ग्राउंड लूप ब्रेकर टाकतात. चेसिसचं अर्थिंग जागेवरच राहतं.

आता भाग. आउटपुट ट्रान्झिस्टरांत नकली मालाचा सुळसुळाट आहे. २एससी५२००, २एन३०५५, एमजे१५००३ ही नावं इतकी खपतात की दुसऱ्याच मालावर ती छापून विकली जातात. तयार किटमध्ये आलेल्या ट्रान्झिस्टरांवर मी विश्वास ठेवत नाही. तेवढे भाग अधिकृत वितरकाकडून वेगळे घेतो. आलेल्या मालाची छपाई अ‍ॅसिटोननं पुसून बघा, एकाच खेपेतले पाय आणि कडा एकसारख्या आहेत का बघा. खरी परीक्षा मात्र उष्णतेची: ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवून त्याला पुढे जेवढी उष्णता वाहायची आहे तेवढी अर्धा तास वाहायला लावा. आत छोटी चिप असलेला नकली तिथेच राम म्हणतो, आणि तो आपल्या टेबलावर गेलेला बरा. एफ५च्या इनपुटचे तोशिबाचे २एसके१७० आणि २एसजे७४ कधीच बंद झाले. त्या नावानं स्वस्तात मिळणारा माल संशयास्पद समजा आणि लिनियर सिस्टिम्सचे एलएसके१७० आणि एलएसजे७४ जुळवलेल्या जोडीत घ्या.

जेएलएचमध्ये नवे, वेगवान ट्रान्झिस्टर बसवणार असाल तर मंडळ स्वतःच दोलायमान होण्याची शक्यता धरून चाला. आउटपुटला १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी हवी. एक दिवसासाठी कुणाचा ऑसिलोस्कोप मिळाला तर उत्तम. कानाला न ऐकू येणारं दोलन ट्रान्झिस्टर तापवून मारतं.

तयार जोडलेला क्लोन विकत घेणार असाल तर विक्रेत्याला चार गोष्टी विचारा: बायस किती अँपियर, रेल किती व्होल्ट, तासाभरानंतर हीटसिंक किती अंश आणि आतला फोटो. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार करा. '५० वॉट क्लास ए' म्हणून विकलेली पेटी गप्प असताना एका चॅनेलला ४० वॉटच खात असेल तर दावा खोटा आहे. वजनही बघा. हलका क्लास ए असत नाही.

पहिल्यांदा वीज देण्यासाठी टेबलावर दोन मल्टिमीटर, ८ ओहमचा दणकट डमी लोड (स्पीकरच्या जागी लावायचा रेझिस्टर) आणि सिरीज बल्ब, म्हणजे मेन्सच्या वाटेत जोडलेला बल्ब, हवा. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा, १०० वॉटचा. एलईडीचा इथे उपयोग नाही. आधी नुसता वीजपुरवठा लावा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला की ठीक. मग एकच चॅनेल जोडा, इनपुट शॉर्ट करून, स्पीकर न लावता. प्रीसेट (बायस ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) कुठल्या बाजूला फिरवला की बायस कमी होतो, हे सोल्डर करण्याआधी ओहम मोजून लिहून ठेवलेलं असावं. आयत्या वेळी अंदाज करायचा नाही. इथे एक गोष्ट नवख्यांना फसवते. क्लास एचा बायस वाढवला की बल्ब उजळतच जातो, कारण अ‍ॅम्प्लिफायरच साठ-सत्तर वॉट ओढत असतो, आणि मग रेलचे व्होल्ट पडतात. म्हणून बल्ब फक्त घोटाळा नाही ना एवढं बघण्यापुरता. बायस कमी ठेवून सगळं शांत दिसलं की बल्ब काढा आणि खरी मांडणी थेट विजेवर करा.

बायस एका दमात चढवू नका. एफ५मध्ये ०.४७ ओहमच्या रेझिस्टरवर ०.६ व्होल्ट म्हणजे सुमारे १.३ अँपियर. आधी ०.३ व्होल्टवर अर्धा तास थांबा, मग थोडं थोडं वाढवत जा आणि प्रत्येक वेळी आउटपुटचा डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत आणा. त्यातले थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारे रेझिस्टर) पॉवर ट्रान्झिस्टरांना नीट चिकटलेले नसतील तर आकडे सरकत राहतात. शेवटची मांडणी झाकण लावून, तासाभरानं. उघड्या पेटीत लावलेला बायस झाकण बसल्यावर बदलतो.

यानंतर डमी लोडवर दोन तास, मग एखाद्या जुन्या स्पीकरवर एक संध्याकाळ आणि मगच आवडते स्पीकर. दुहेरी पुरवठ्याच्या मंडळाला स्पीकर संरक्षणाचा रिले त्याआधीच बसलेला असू द्या. प्रत्येक चॅनेलचे रेलचे व्होल्ट, बायस, ऑफसेट (आउटपुटचा डीसी), हीटसिंकचं आणि खोलीचं तापमान, फ्यूजचं मूल्य आणि तारीख एका कागदावर लिहा आणि तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. महिनाभरानं झाकण उघडून हेच आकडे पुन्हा घ्यायचे आहेत.