ओपिऑइडचा ओव्हरडोस: या चुका टाळा

"घोरतोय ना, मग झोपू दे त्याला." घात इथेच होतो. ते घोरणं नसतं. जीभ मागे पडून अर्धवट बंद झालेल्या घशाची ती घरघर असते. ओपिऑइड म्हणजे मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामक औषधं. त्यातलं फेंटानिल मॉर्फिनच्या 50 ते 100 पट जालीम. हत्तींना बेशुद्ध करण्यासाठी वापरतात ते कारफेंटानिल सुमारे 10,000 पट. ही औषधं मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रालाच गप्प करतात, त्यामुळे माणूस धडपडही करत नाही.

जोरात हाक मारा, मुठीची पेरं छातीच्या मधल्या हाडावर घासा. तरी जाग नाही, श्वास मंद, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर किंवा राखाडी? लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. गार पाणी ओतणं, थोबाडीत मारणं यात नुसता वेळ जातो. मिठाचं पाणी तर पाजूच नका, ते फुप्फुसात जाईल. आणि नुसता हात लागल्याने आपल्याला ओव्हरडोस होत नाही, तेव्हा लांब उभे राहू नका.

ओपिऑइडचा असर उलटवणाऱ्या नालोक्सोन या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे चालतो का, हे हवेत मारून बघणारे असतात. त्यात एकच डोस असतो, तो गेला! डोकं मागे झुकवा, टोक नाकपुडीत घाला, दट्ट्या पूर्ण दाबा. औषध लागू पडायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक याच मिनिटांतली: बघत बसणं. हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा, दर पाच-सहा सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या, छाती वर येईल इतका. श्वास पूर्ण थांबला असेल आणि नाडीही लागत नसेल, तर छाती दाबायला घ्या. फरक नसेल तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा डोस. मात्र श्वास नीट सुरू झाला की डोसावर डोस नको. सोबत झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील तर डोळे लगेच उघडणारही नाहीत.

श्वास आला की कुशीवर वळवा, म्हणजे जीभ मागे पडून घसा बंद होणार नाही. 2002 साली मॉस्कोच्या नाट्यगृहात ओलिसांच्या सुटकेसाठी सोडलेल्या वायूत कारफेंटानिल असल्याचं पुढे वाचलेल्यांच्या कपड्यांवरून आढळलं. बाहेर काढलेल्या अनेकांना उताणं ठेवलं होतं. सुमारे 130 ओलीस दगावले.

शुद्धीवर आलेला माणूस चिडतो, ओकतो, "मला काही झालं नाही" म्हणत चपला शोधतो. जाऊ देऊ नका. नालोक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, अंगातलं ओपिऑइड कधीकधी त्याहून जास्त टिकतं. डोस किती वाजता दिला ते लिहून ठेवा, ॲम्ब्युलन्सवाले पहिलं तेच विचारतील.