वजन जास्त असलेल्या मुलांचा व्यायाम: या चुका टाळा

मुलाचं वजन वाढलंय म्हटलं की घरचे त्याला आधी पळायला धाडतात. गाडी अडते ती इथेच. प्रत्येक पावलाला सगळा भार गुडघ्यांवर येतो, दम लागतो, बाकीची पोरं पुढे निघून जातात. आठवड्याभरात नेमकं व्यायामाच्या वेळी पोट दुखायला लागतं.

त्याच मुलाच्या हातात जड चेंडू द्या आणि छातीपासून फेकायला सांगा. कदाचित त्याचाच सगळ्यांत लांब जाईल! अशा मुलांची ताकद बरेचदा जास्तच असते. ती कमी पडते स्वतःचं अंग उचलताना. म्हणून सुरुवातीला पुल-अप्स, जमिनीवरचे जोर नकोत. भिंतीला हात टेकून जोर काढू द्या. बैठकांऐवजी खुर्चीवर सावकाश बसणं-उठणं. धपकन बसत असेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवा. उठताना गुडघे आत वळतायत का, हे समोर उभं राहून बघा. आकडे मोठ्याने मोजायला लावा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही.

८ ते १५ वेळा, एक-दोन सेट, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. पुढे वजनं उचलायला लागला, तर तेवढं नीट जमलं की मगच उचलायचं वजन ५-१० टक्क्यांनी वाढवा. ‘किती उचलतोस बघू’ हा खेळ नको. उंची खुंटण्याची भीती मात्र सोडा. नीट देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने ती खुंटत नाही.

दर आठवड्याला वजनकाट्यावर उभं करणं ही माझ्या मते सगळ्यांत वाईट सवय. वयात येण्याआधी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. ते काट्यावर कसं दिसणार? त्यापेक्षा भिंतीवरचे जोर किती झाले, ते वहीत लिहा.

रोजचं खेळणं-हुंदडणं हवंच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं सांगते.

एक दुखणं मात्र अंगावर काढू नका. मूल लंगडत असेल, जांघ, मांडी किंवा गुडघा दुखत असेल, तर व्यायाम तिथेच थांबवा, त्या पायावर भार देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. वयात येताना, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत, खुब्याच्या हाडाचं टोक वाढीच्या जागी सरकू शकतं आणि कधीकधी दुखतो फक्त गुडघा. त्यामुळे गुडघा ठीक दिसला, तरी खुबाही तपासायला सांगा.